बंद दारामागची स्प्रिंग

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा जशी होती तशीच ठेवली आहे.)



आजचा भाग एका स्प्रिंगबद्दल आहे. हसू नका. माझ्या घराच्या गॅरेजच्या दारावरची ही स्प्रिंग तुटली, ती मी घरी स्वतः बदलली आणि बदलताना एक चूक केली. ती चूक अजून आठवली की हाताला घाम येतो. आज ती चूक सांगायची आहे, आणि नंतर तेच काम नीट कसं केलं तेही.

आधी जागा सांगतो. मी राहतो अमेरिकेत, ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या बाहेर. इकडच्या घरांची एक गंमत आहे. पुढचं दार शोभेचं असतं. दिवाळीला तोरण तिथे, रांगोळी तिथे, पाहुणे तिथून. घरचे लोक मात्र येतात-जातात गॅरेजमधून. बटण दाबलं की मोठं दार वर सरकतं, गाडी आत, बटण दाबलं की दार खाली. दिवसातून चार वेळा तरी हे होतं. त्यामुळे ते दार कसं चालतं याचा विचार कोणी करत नाही. मीही कधी केला नव्हता.

जानेवारीचा महिना, मंगळवारची संध्याकाळ. बाहेर बर्फ. आम्ही जेवायला बसलो होतो आणि गॅरेजमधून आवाज आला. धाड! बायकोला वाटलं कुणी गोळी झाडली. मी धावत गेलो, दिवा लावला, बघतो तर काहीच नाही. गाडी जागेवर, दार बंद. बटण दाबलं तर मोटर घुरघुरली, दार वीतभर उचललं गेलं आणि थांबलं. मग वर नजर गेली. दाराच्या वर भिंतीला एक आडवा लोखंडी दांडा असतो आणि त्या दांड्यावर दोन जाड स्प्रिंगा असतात. त्यातली एक मधोमध तुटली होती. दोन तुकड्यांमध्ये दोन बोटांची फट.

आता त्या दिवसांत माझं काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचा मूर्खपणा समजणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती. कपात झाली, शंभरेक जणांना एकाच दिवशी मेल आला, त्यातला मी एक. एच-वन-बी व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी किंवा दुसरी काही सोय, नाहीतर गाशा गुंडाळा. बायकोला काम करायची परवानगी नव्हती. लेक पाच वर्षांची. मी फ्रीजवर कॅलेंडर लावून रोज एक दिवस खोडत होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मुलाखत होती, समोरासमोरची. घरात गाडी एकच. ती त्या दारामागे.

त्या रात्री शेजाऱ्याला बोलावलं. मोटरपासून दार सोडवायला एक लाल दोरी असते, ती ओढली आणि दोघांनी मिळून दार उचललं. दुसरी स्प्रिंग शाबूत होती, म्हणून निम्मंच वजन आमच्यावर आलं. गाडी बाहेर काढली, दार हळूहळू खाली सोडलं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दार खाली असताना ती लाल दोरी ओढली तर ठीक. पण दार वर असताना स्प्रिंग तुटली असेल, तर त्या दोरीला हात लावायचा नाही. त्या क्षणी दाराला धरून ठेवणारी फक्त मोटर असते. दोरी ओढली की दार सरळ खाली.

मुलाखतीला गेलो. आल्यावर दुरुस्तीवाल्यांना फोन केले. एकाने ६४० डॉलर सांगितले, दुसऱ्याने ४२०. पगार बंद असताना असे आकडे कानात शिट्टीसारखे वाजतात. रात्री दोन वाजेपर्यंत मी व्हिडिओ बघत बसलो आणि ठरवलं, आपण करू. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा दुसरंच काहीतरी होतं. तीन आठवडे मी घरात बसून होतो. माझ्या हातून काहीतरी दुरुस्त व्हावं, असं मला फार वाटत होतं.

आता ही स्प्रिंग नेमकं काय करते ते सांगतो. मला वाटायचं, दार मोटर उचलते. नाही. दार स्प्रिंग उचलते. मोटर फक्त ढकलते. माझं दार १६ फूट रुंद, ७ फूट उंच, वजन साधारण १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. दांड्याच्या दोन्ही टोकांना एक-एक ड्रम असतो, त्यावर केबल, आणि केबलचं टोक दाराच्या खालच्या कोपऱ्यात. स्प्रिंगांना आधीच पीळ दिलेला असतो. तो पीळ दांडा फिरवायला बघतो, दांडा ड्रम फिरवतो, ड्रम केबल ओढतो आणि दार हलकं होतं. इतकं हलकं की स्प्रिंग चांगली असेल तर एका हाताने उचलता येतं. दार वर जातं तसे त्याचे पत्रे छताखाली आडवे होतात, म्हणजे लटकणारं वजन कमी होतं. तिकडे स्प्रिंगचा पीळही सुटत सुटत कमी होतो. दोन्ही एकाच मापाने कमी होतात. ज्याने हे जुळवलं त्याला हात जोडावेत.

आता यातून जे निघतं, तेच आजच्या भागाचं सार आहे. दार बंद असतं, सगळं शांत असतं, तेव्हा स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण असतो. आपल्याला वाटतं, बंद आहे म्हणजे निवांत आहे. उलटं आहे. मी हिशोब केला. माझ्या दाराच्या प्रत्येक स्प्रिंगमध्ये दार बंद असताना साधारण ४०० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे ४० किलोचं पोतं एक मीटर उचलून धरल्यासारखं. वर्षानुवर्षं, दिवस-रात्र, तुमच्या डोक्यावर.

आणि ती तुटते का? कारण लोखंड थकतं. साध्या स्प्रिंगा १०,००० फेऱ्यांच्या हिशोबाने बनवतात. एक फेरी म्हणजे दार एकदा वर आणि एकदा खाली. दिवसाला चार फेऱ्या धरा, वर्षाला १,४६० झाल्या. साताव्या वर्षाच्या आत हिशोब संपला. आमचं घर आठ वर्षांचं होतं. म्हणजे स्प्रिंगने आपलं काम इमानदारीने करून वर वर्षभर जास्त दिलं होतं.

तर मी मापं घेतली. नवी स्प्रिंग मागवताना चार गोष्टी लागतात: तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि पीळ डावा की उजवा. जाडी एका तारेवर मोजू नका. तुटलेल्या तुकड्याचे वीस वेढे एकमेकांना चिकटलेले असताना त्यांची लांबी मोजा आणि वीसने भागा. हे काटेकोर का हवं? स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडी ५ टक्के जास्त झाली, तर जोर २० टक्क्यांहून जास्त वाढतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, दाराला कळतो. आणि दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलायच्या. दोघींचं वय एकच आहे. एक गेली म्हणजे दुसरीची वेळ जवळ आली.

स्प्रिंगांची जोडी टपालासकट ९६ डॉलरला मिळाली. त्याच पानावर खाली वाइंडिंग बार होते. हे म्हणजे अर्धा इंच जाडीचे, दीड फूट लांबीचे दोन भरीव लोखंडी दांडे. किंमत २८ डॉलर. मी म्हटलं, नुसत्या सळ्यांना २८ डॉलर? घरात दोन मोठे स्क्रू-ड्रायव्हर आहेत की.

शनिवारी सकाळी पार्सल आलं. मी दार खाली केलं, मोटरची वायर काढली, रुळाला लॉकिंग प्लायर लावून दार वर उडणार नाही असं अडकवलं. इथवर सगळं बरोबर. मग शाबूत स्प्रिंगचा पीळ सोडवायला घेतला. स्प्रिंगच्या टोकाला एक ओतीव तुकडा असतो, वाइंडिंग कोन म्हणतात त्याला. त्यात चार भोकं असतात. एका भोकात बार घालायचा, जोर पेलायचा, कोनाचे दोन सेट स्क्रू सैल करायचे, पाव फेरा खाली सोडायचा, दुसऱ्या भोकात दुसरा बार, पुन्हा पाव फेरा. एक बार निघायच्या आधी दुसरा पूर्ण आत गेलेला हवा.

मी स्क्रू-ड्रायव्हर घातला. भोक अर्ध्या इंचाचं, स्क्रू-ड्रायव्हरची दांडी त्याहून बारीक. खुळखुळत होता. पहिला पाव फेरा झाला. दुसरा झाला. तेवढ्यात लेक घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, माझा एक मोजा सापडत नाही." मी म्हटलं, "आईला विचार, आत जा." ती गेली.

तिसऱ्या पाव फेऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर निसटला.

काय झालं ते मला दिसलंच नाही. स्प्रिंग एका दमात सगळी सुटली, भिंतीवरचा दांडा थरथरला, कानठळ्या बसल्या, आणि माझा हात रिकामा होता. मनगटाला एक ओरखडा, बाकी काही नाही. शोधत गेलो तर स्क्रू-ड्रायव्हर त्या दाराशेजारच्या ड्रायवॉलमध्ये मुठीपर्यंत घुसलेला होता. जमिनीपासून साडेतीन फुटांवर. लेकीची उंची तेव्हा साडेतीन फूट होती.

मी शिडीवरून उतरलो आणि खाली फरशीवर बसलो. बराच वेळ.

तिकडे दहा वाजले की इचलकरंजीत रात्रीचे साडेआठ होतात. अप्पा दुकान बंद करून मला फोन करतात, रोजचा नेम. आमचं कापडाचं दुकान आहे. त्या दिवशीही फोन आला. मी व्हिडिओवर सगळं दाखवलं. अप्पांनी भिंतीतलं भोक बघितलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्या शटरमधी पण हेच की रे. वर पाइपावर स्प्रिंगा असतात. शटरवाला यायचा, तो आधी काय करायचा आठवतंय?"

मला आठवत नव्हतं.

"आधी माणसं हटवायचा. गिऱ्हाईक, पोरं, मला सुद्धा. पायरीवर कुणी थांबलं तर पान्याला हात लावायचा न्हाई. आणि हत्यार आपलंच आणायचा. कुणी दुकानातली सळई देऊ केली तर म्हणायचा, शेटजी, ही सळई तुमच्या ओळखीची, माझ्या न्हाई."

मग अप्पांनी विचारलं, "नोकरी गेली म्हणून हात पण घालवतोस काय?"

मी काही बोललो नाही. माणूस घरात गप्प बसलेला असतो म्हणजे निवांत असतो, असं नसतं, हे अप्पांना फोनवरून कळलं होतं.

दुपारी जाऊन मी वाइंडिंग बार आणले. काम रविवारी केलं. घरातून गॅरेजमध्ये यायचं दार आतून बंद, बायकोला सांगून. डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे, अंगात सैल काही नाही. शिडी स्प्रिंगच्या समोर नाही तर बाजूला. चेहरा कधीच कोनाच्या रेषेत नाही.

क्रम सांगतो. दोन्ही स्प्रिंगा मोकळ्या झाल्याची खात्री केली. केबल ड्रमवरून सैल केल्या, ड्रमचे स्क्रू सोडले, मधल्या ब्रॅकेटचे बोल्ट काढले, दांडा बाजूला सरकवून जुन्या स्प्रिंगा काढल्या, नव्या घातल्या. आतून दाराकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या पिळाची स्प्रिंग उजव्या बाजूला बसते आणि उजव्या पिळाची डाव्या. हे उलटं वाटतं, म्हणून जुन्या काढण्याआधीच मी मार्करने खुणा केल्या आणि फोटो काढले. दोन्हीकडच्या केबल सारख्या ताणून ड्रमवर घेतल्या, नाहीतर दार तिरकं उचललं जातं. दांडा फिरू नये म्हणून त्यालाही एक लॉकिंग प्लायर.

मग पीळ द्यायचा. त्याआधी स्प्रिंगवर खडूने एक सरळ रेघ मारली. पीळ बसतो तशी ती रेघ वेढे घेते, ते मोजून किती फेरे झाले ते कळतं. ७ फुटी दाराला आणि नेहमीच्या ४ इंची ड्रमला साडेसात फेरे लागतात, म्हणजे पाव पाव करत ३०. दोन स्प्रिंगांचे मिळून ६०. तुमच्या दाराची उंची किंवा ड्रम वेगळा असेल तर आकडा वेगळा. अंदाजाने करायचं नाही.

आणि आता नवल ऐका. दीड फुटाच्या बारने अगदी शेवटच्या फेऱ्यालासुद्धा टोकाला चार-पाच किलोचाच जोर लागत होता. एवढंच! मला वाटलं होतं पैलवानाचं काम आहे. ते ताकदीचं काम नव्हतंच. प्रत्येक वेळी बार भोकात तळापर्यंत गेला का ते बघायचं, आणि तेही तीसच्या तीस वेळा. एकोणतीस वेळा नीट केलं आणि एकदा घाई केली, तर ती एकच वेळ पुरते. आखूड स्क्रू-ड्रायव्हरने जोर दुप्पट-तिप्पट लागतो, आणि वर तो खुळखुळतो. २८ डॉलर सळ्यांचे नव्हते.

सेट स्क्रू आवळले, प्लायर काढले. दाराचा तोल तपासायची एक सोपी रीत आहे. मोटर सोडवलेली असताना दार हाताने अर्धं उचलायचं आणि सोडायचं. जागेवर थांबलं तर पीळ बरोबर. खाली आलं तर कमी, वर गेलं तर जास्त. माझं थांबलं. मी दोन पावलं मागे येऊन बघत राहिलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी मी सोडलं होतं तिथे थांबलं होतं.

आता तुम्ही विचाराल, मग आम्ही करावं का हे घरी? माझं उत्तर सरळ आहे. दर महिन्याला हा तोल तपासा, ते कुणीही करू शकतं. वर्षातून दोनदा स्प्रिंगला सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे मारा. गंज चढला तर स्प्रिंग आणखी लवकर जाते. काही घरांत रुळाला समांतर ताणलेल्या स्प्रिंगा असतात. त्यांच्या आतून जाड केबल गेलेली आहे ना, ते बघा. तुटलेली स्प्रिंग उडू नये म्हणून ती असते. मोटरच्या भरवशावर राहू नका. १९९३ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटरींना कुणी आड आलं तर दार उलटं फिरवायची सोय कायद्यानेच लागते, पण त्या सोयीला थकलेली स्प्रिंग दिसत नाही.

पीळ द्यायचं काम मात्र योग्य हत्यार, बरोबर माप आणि घाई नसलेली सकाळ, या तिन्ही गोष्टी असतील तरच करा. तीनपैकी एक नसेल तर माणूस बोलवा. ज्या दिवशी डोक्यात दुसरंच काही पिळलेलं असेल, त्या दिवशी तर नक्कीच. दोन वर्षांनी माझ्या दाराची केबल खालच्या ब्रॅकेटपाशी उसवली. तो ब्रॅकेट पूर्ण ताणाखाली असतो. तेव्हा नोकरी होती, सुट्टीचा दिवस होता, हत्यारंही होती. पण ते काम मी कधी केलं नव्हतं. मी फोन केला. आलेल्या माणसाने शिडी लावायच्या आधी मागे वळून विचारलं, "घरात लहान मुलं आहेत का?" मी म्हटलं, "आहेत, आत आहेत, दार बंद आहे." तो हसला. मला आमच्या शटरवाल्याची आठवण झाली, ज्याचा चेहराही मला नीट आठवत नाही.

ती मुलाखत? ती नोकरी मिळाली नाही. दुसरी मिळाली, ५१व्या दिवशी. कॅलेंडर फ्रीजवरून काढलं. भिंतीतलं भोक मात्र बुजवलं नाही. बायको अजून म्हणते, चांगलं दिसत नाही. मी म्हणतो, असू दे.

तुम्ही इचलकरंजीत ऐकत असाल, पुण्यात, मडगावात किंवा इकडे कुठे, तुमच्याही डोक्यावर अशी एखादी स्प्रिंग असेल. दुकानाचं शटर असेल, सोसायटीच्या गाळ्याचं असेल. आज बंद करताना एकदा वर बघा. आणि ते अचानक जड लागायला लागलं असेल तर जोर लावू नका, शटरवाल्याला बोलवा. तो म्हणेल तिथे उभे राहा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.